खुळखुळ, खडखड आणि खट

संसारात माणसाला मोठ्या आवाजाची सवय होते, लहान आवाजाची होत नाही. रेल्वेच्या रुळाला लागून घर असलेले गृहस्थ रात्री मेल धडधडत गेली तरी कूस बदलत नाहीत. पण मोरीतल्या नळाचा थेंब बादलीत पडू लागला की त्याच गृहस्थांची झोप उडते. असे का व्हावे? मला वाटते, मोठा आवाज आपले नाव-गाव सांगत येतो. मेल आली, मेल गेली, मिटले. लहान आवाज मात्र दाराआड उभा राहतो आणि 'मी कोण, ते तूच ओळख' म्हणतो. तो ओळखेपर्यंत मनाला चैन नसते.

मोटारीत कुठेतरी होणारी ती खडखड याच जातीची. गाडी आपली, हप्ते आपले, रस्ताही करदाते म्हणून आपलाच. पण आत बसून वाजतो कोण, ते काही कळत नाही. या सदरात एरवी शब्दांचा काथ्याकूट चालतो, तेव्हा मराठीच्या मास्तरांना यंदा दिवाळीत मोटारीची हौस कुठून आली, असे नेहमीच्या वाचकांना वाटेल. त्यांनी धीर धरावा. आमची गाडी थोड्या आडवाटेने का होईना, शब्दांवरच येऊन थांबणार आहे.

एक काळ असा होता की मोटारीतली खडखड हा विषयच नव्हता. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली, आणि तेव्हापासून दोन-तीन पिढ्यांनी लाल गाडीतून प्रवास केला तो 'हॉर्न सोडून सगळे वाजते' या एका विनोदाच्या आधारावर. खिडकीच्या काचा वाजत, आसनाखालची पत्रे वाजत, मागच्या बाकावरचे प्रवासीही वाजत. त्या सार्वजनिक वाद्यवृंदात एखादा सुटा बोल्ट बिचारा काय बोलणार? आपल्या घरगुती गाड्याही काही मौनी नव्हत्या. अँबॅसिडर २०१४ पर्यंत कारखान्यातून बाहेर पडत होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी त्याआधीच थांबली, तरी मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावत राहिली. या गाड्यांत एक आवाज कमी-जास्त झाला तर मालकाला कळत नसे, आणि कळले तरी तो मनाला लावून घेत नसे.

आताच्या गाड्या शांत झाल्या आणि सगळा घोटाळा झाला. एंजिनाचा आवाज हा एक जाड पडदा असतो. त्याच्यामागे शंभर बारीक आवाज झाकून जातात. पडदा पातळ झाला की ते सगळे उघडे पडतात. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर पडदाच नाही. आमच्या एका स्नेह्यांनी तशी गाडी घेतली. पहिले आठ दिवस ते तिच्या शांततेचे गुणगान करीत होते. नवव्या दिवसापासून ते चष्म्याच्या घरातला चष्मा हलतो, अशी तक्रार करू लागले.

आता हा आवाज शोधायचा कसा? इथे पहिली अडचण अशी की आपल्या कानावर विश्वास ठेवता येत नाही. आवाज कुठून आला हे आपण दोन कानांच्या हिशेबाने ठरवतो. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी आणि थोडा मोठा पोहोचतो, डाव्यात मागून आणि थोडा लहान. हा वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदू तो टिपतो. जाड, खालच्या पट्टीचे आवाज वेळेच्या फरकाने आणि बारीक, वरच्या पट्टीचे आवाज लहान-मोठेपणाने ओळखू येतात, ही मीमांसा लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये मांडली. मोकळ्या मैदानात हा हिशेब चोख जमतो. मोटारीत मात्र चारी बाजूंना काच आणि पत्रा असल्यामुळे एकच आवाज पाच ठिकाणांहून आपटून कानावर येतो. शिवाय आवाज नाकासमोरून आला काय किंवा पाठीमागून आला काय, दोन्ही कानांना तो सारखाच लागतो. म्हणून तर शेजारी बसलेला माणूस छातीठोकपणे 'पुढून येतो' म्हणत असतो आणि मागचा तितक्याच छातीठोकपणे 'मागून'. दोघेही खरे बोलत असतात आणि दोघांचाही काही उपयोग नसतो.

दुसरी अडचण याहून मोठी. जिथे आदळते तिथेच वाजते, असे नाही. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पोलादातून तो पाच किलोमीटर धावतो. चाकापाशी बसलेला ठोका पोलादाच्या सांगाड्यातून पळतो आणि ज्या पातळ पत्र्याला किंवा प्लॅस्टिकच्या फळीला थरथरणे सोयीचे असेल, तिथून बाहेर पडतो. वाचकांपैकी ज्यांच्या घरी मिरजेचा तंबोरा असेल, त्यांना हे वेगळे सांगायला नको. छेडतो आपण तार, पण नुसत्या तारेचा आवाज केवढासा! बोलतो तो भोपळा. मोटार हा असाच एक चार चाकांचा भोपळा आहे, आणि आपण त्याच्या पोटात बसून तार कुठे आहे ते शोधत असतो.

तिसरी गंमत वेगाची. पुष्कळ आवाज ताशी साठ किलोमीटरला सुरू होतात आणि सत्तरला बंद पडतात. मालक म्हणतो, 'गेला वाटते!' गेलेला नसतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत धक्का दिला तरच तो उंच जातो. भलत्या वेळी दिला तर अडखळतो. गाडीतल्या प्रत्येक सैल तुकड्याची अशी स्वतःची लय असते. मध्यम आकाराच्या मोटारीचे चाक साठच्या वेगाला सेकंदात सुमारे नऊ वेळा फिरते. चार सिलिंडरचे एंजिन मिनिटाला अठराशे फेरे घेत असेल, तर सेकंदाला साठ ठिणग्यांचे साठ धक्के देते. यातला एखादा ताल त्या तुकड्याच्या लयीशी जुळला की तो नाचू लागतो, ताल मोडला की थांबतो. म्हणून आवाज कोणत्या वेगाला येतो हे लिहून ठेवणे, हा शोधाचा पहिला धडा.

आमच्याकडे हा शोध नवरात्रात सुरू झाला. त्याला घाईचे कारण होते. माझे मामा माणगावजवळ राहतात. ते आता ऐंशीच्या पुढे गेले असून त्यांना प्रवास झेपत नाही. म्हणून गेली काही वर्षे भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे येण्याऐवजी आमची आईच पुण्याहून त्यांच्याकडे जाते. वाट ताम्हिणी घाटाची. उतार, वळणे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. त्या वाटेवर आईला न्यायची गाडी काहीतरी बोलते आहे आणि काय बोलते ते आपल्याला कळत नाही, ही कल्पना काही सुखाची नव्हती.

पहिले काम गाडी रिकामी करण्याचे. हे काम सौ.ने हाती घेतले, कारण गाडी चालवते ती. मी शेजारी बसून ऐकतो. आवाज शोधताना ही कामाची वाटणी फार चांगली. चालवणाऱ्याने चालवावे, ऐकणाऱ्याने ऐकावे; दोन्ही एकाने करू गेल्यास तिसऱ्याच कोणाच्या तरी गाडीचा आवाज होतो. तर आमच्या गाडीतून त्या सकाळी निघालेला ऐवज असा : तीन छत्र्या, पाण्याच्या स्टीलच्या दोन बाटल्या, दाराच्या कप्प्यातून सत्तावीस रुपयांची नाणी, चिरंजीवांची हरवलेली कंपासपेटी, आणि मागच्या आसनाखालून गणपतीच्या आरतीचे टाळ. हे टाळ घरात सगळ्यांनी शोधले होते आणि शेजाऱ्यांवर संशयही घेऊन झाला होता.

मग डिकी. जॅक आपल्या खोबणीत पक्का बसला आहे का, पाना फडक्यात गुंडाळला आहे का, स्टेपनीचा मधला स्क्रू आवळला आहे का, हे पाहिले. (स्टेपनी हा शब्द जाता जाता ऐकून ठेवा. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर दोन भावांनी १९०४ मध्ये जादा चाकाचा कारखाना काढला. त्या रस्त्याचे नाव आपल्याकडच्या प्रत्येक डिकीत अजून नांदते आहे.) रिकाम्या आसनाचा पट्टा सोडलेला असेल तर त्याचे धातूचे टोक दाराच्या खांबावर टकटक करते, ते अडकवून टाकले. नंबरप्लेटच्या मागे फोमची पट्टी चिकटवली. एवढे झाल्यावर किणकिण गेली, खुळखुळ गेली, खडखड बरीच ओसरली. गाडी जणू उपास सोडून झोपी गेली.

आणि त्या शांततेत तो एक आवाज ठळक ऐकू येऊ लागला.

आता चिरंजीव पुढे सरसावले. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. घरातले चार मोबाईल गोळा करून त्यांनी ते गाडीच्या चार कोपऱ्यांत चिकटपट्टीने बसवले, चारांवर एकाच वेळी ध्वनिमुद्रण सुरू केले आणि आईला, म्हणजे माझ्या सौ.ला, कॉलनीतल्या खडबडीत रस्त्यावरून गाडी हळू फिरवायला लावली. पंखा बंद, रेडिओ बंद, बोलणे बंद. हे तिसरे सर्वांत कठीण गेले. मागच्या आसनावर आमची आई बसली होती. ती जपमाळ घेऊन आली होती, त्यामुळे तिच्याकडून उपद्रव नव्हता. नंतर आम्ही एका लांब भिंतीच्या कडेने काचा खाली करून गेलो. बाहेरचा आवाज भिंतीवरून परत येतो आणि चाकाकडचा आवाज आतल्या आवाजातून वेगळा काढता येतो. चारही मोबाईल ऐकल्यावर निष्कर्ष निघाला : पुढे, डावीकडे, खाली.

गाडी उभी करून एंजिन वाढवून पाहिले, आवाज नाही. म्हणजे एंजिन नव्हे, सायलेन्सरवरचा पत्राही नव्हे. ब्रेकवर हलका पाय ठेवून पाहिले, आवाज तसाच. म्हणजे ब्रेकचे पॅड सैल नव्हेत. सरळ गुळगुळीत रस्त्यावर आवाज नाही. हळू जाताना, खड्ड्यातून चाक वर आले की, किंवा स्टीअरिंग वळवताना, तो येई.

हे सगळे एका कागदावर लिहून आम्ही गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. काचेचे दालन, थंड हवा, कॉफी. सल्लागार म्हणून बसलेल्या तरुणाने माझा कागद आदराने घेतला, बाजूला ठेवला आणि संगणकावर एका चौकोनात दोन शब्द लिहिले : 'पुढून नॉईज'. संध्याकाळी गाडी धुऊन-पुसून परत मिळाली. 'सर, या मॉडेलला थोडा आवाज असतोच. सवय होईल.' बिलावर 'नॉईज तपासणी' या नावाखाली एक रक्कम होती. गेटमधून बाहेर पडताना गतिरोधकावर गाडीने ती तपासणी आपल्यापरीने फेटाळून लावली.

दुसऱ्या दिवशी देवळात जायचे म्हणून आई बरोबर होती, आणि वाटेतच नदीकाठी पत्र्याच्या शेडमध्ये बसणारे एक जुने मिस्त्री आमच्या ओळखीचे आहेत, तिथे आम्ही थांबलो. मिस्त्री टायरवर बसून चहा पीत होते. मी म्हटले, "गाडीतून आवाज येतो."

"गाडीये सर, आवाज तर येणारच," मिस्त्री म्हणाले. "कसा येतो ते सांगा. टकटक येतो? खडखड? कुर्रकुर्र? एकदा येतो का पाठोपाठ येतो?"

मी कागद काढला. वेग, वळण, खड्डा, सगळे वाचून दाखवले. मिस्त्री मान हलवीत होते. पण आवाज *कसा*, हे माझ्या कागदात नव्हते. मी शब्द जुळवायच्या आत मागची काच खाली झाली.

"अरे बाबा," आई म्हणाली, "जात्याचा खुंटा सैल झाला ना, की वाजतो, तसा वाजतोय हा."

मिस्त्रींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "नीट सांगा, आजी."

"सारखा नाही वाजत. हात ओढताना नाही, ढकलतानाही नाही. हात फिरवून घेतला, की त्या वळणावर एकदाच, खट. मग पुढच्या फेऱ्याला परत."

"खुंटा सैल झाला की काय करायच्या तुम्ही?"

"काढून चिंधी गुंडाळायची आणि ठोकून बसवायचा. आळस केला की भोक मोठं होत जातं, आणि एके दिवशी खुंटा हातात येतो."

"तेच हे," मिस्त्री उठत म्हणाले. "फक्त इथं चिंधी चालत नाही."

त्यांनी पुढचे डावे चाक जॅकवर उचलले, खाली लाकडी ठोकळा लावला, चाक वरून-खालून धरून हलवले, मग खालच्या पोलादी हाताच्या, ज्याला लोअर आर्म म्हणतात त्याच्या, टोकाशी टॉमी घालून दाबली. खट. पुन्हा दाबली. खट. आईने खिडकीतून 'हाच' म्हटले.

तो बॉलजॉइंट होता. चाक एकाच वेळी वर-खाली व्हावे आणि डावी-उजवीकडे वळावेही, यासाठी तिथे पोलादाचा एक गोल लाडू एका वाटीत घट्ट बसवलेला असतो, जसे आपल्या खुब्याचे हाड. त्यावर रबराची टोपी असते आणि आत ग्रीस. टोपी फाटली की पाणी आणि धूळ आत शिरते, ग्रीस जाते, लाडू आणि वाटी झिजतात आणि दोन्हींत पोकळी पडते. भार एकाच दिशेने असतो तोवर लाडू वाटीच्या एका बाजूला टेकून गप्प राहतो. खड्डा आला, वळण आले, भाराची दिशा बदलली, की तो दुसऱ्या बाजूला जाऊन आदळतो. खट. दळणाऱ्या हाताचा जोर फिरतो तेव्हा जात्याच्या खुंट्याचे होते तेच, तंतोतंत. आणि शेवटही तोच. पोकळी वाढत वाढत एके दिवशी लाडू वाटीतून निसटतो, चाक बाहेर फाकते, गाडी त्या कोपऱ्यावर बसते आणि स्टीअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. गल्लीत झाले तर चार माणसे जमतात. घाटात झाले तर काय होते, ते लिहीत नाही.

नवा लोअर आर्म बॉलजॉइंटसकट दुसऱ्या दिवशी बसला, चाकांची अलाइनमेंट करून घेतली आणि भाऊबीजेला आई आपल्या भावाला ओवाळून आली.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केला. चार मोबाईल, एक संगणक आणि एक एम.ए. यांना जे जमले नाही ते जात्याच्या खुंट्याला कसे जमले? मोबाईलने आवाज कुठे आहे ते सांगितले, आणि ते खरेच होते. पण काय बिघडले आहे, हे आवाजाच्या जातीवरून कळते. आणि जात ओळखायला दोन गोष्टी लागतात : पूर्वी तसला आवाज ऐकलेला कान, आणि त्या आवाजाला मनात दिलेले नाव.

आपल्या लोकांकडे हे दोन्ही भरपूर होते. माठ घेताना बायका बोटाची पेरे मारून बघत. खणखणीत वाजला तर घ्यायचा. 'बद्द' वाजला की कुठेतरी चीर आहे, मग डोळ्याला दिसो वा न दिसो. नारळ कानाशी हलवायचा; पाणी खुळखुळले तर ठीक. चांदीचा रुपया फरशीवर टाकून पाहायचा. पूर्वी मोठ्या स्टेशनांत गाडी थांबली की एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाके ठोकीत जाई. तोही माठच वाजवीत होता, फक्त पोलादाचा. वैद्यकाची गोष्ट निराळी नाही. ऑएनब्रुगर या डॉक्टराने १७६१ मध्ये रोग्याच्या छातीवर बोटे वाजवून आतली अवस्था ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. तो खानावळवाल्याचा मुलगा, आणि पिंप किती भरले ते ठोकून पाहण्याचे त्याच्या घरात चाले. १८१६ मध्ये पॅरिसमध्ये लेनेक याने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, आणि स्टेथास्कोप जन्माला आला. आमचे मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक एंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवून ऐकतात, ते याच घराण्याचे.

आणि नावे? त्या बाबतीत मराठीइतकी श्रीमंती क्वचित सापडेल. मोल्सवर्थचा कोश उघडा, १८३१ चा किंवा १८५७ च्या आवृत्तीचा. या साहेबाने आपल्या खडखड-खुळखुळीचे केलेले वर्णन वाचून आपणच चकित होतो. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशात असल्या शब्दांपुढे 'ध्व.' अशी खूण असते, म्हणजे ध्वनीवरून झालेला. ती खूण पानोपानी भेटते. खुळखुळ म्हणजे बंद पोकळीत सुटे दाणे. म्हणून बाळाचा खुळखुळा. खडखड म्हणजे कडक वस्तू मोकळ्या जागेत. म्हणून महिनाअखेरीस तिजोरीत खडखडाट. कुरकुर म्हणजे घट्ट बसलेल्या दोन वस्तूंचे घासणे. झोपाळ्याच्या कड्यांची आणि सुनेची. किरकिर त्याहून बारीक आणि कोरडी. घरघर जात्याची. फडफड पातळ पदराची किंवा पत्र्याची. टिकटिक नेमाची, एकामागून एक. खट मात्र एकदाच, आणि ठाम.

विचार करून पाहा : यात एक पूर्ण निदानशास्त्र आहे. फोड करून पाहणारा एंजिनिअर आवाजांचे दोन मुख्य वर्ग करतो, आपटण्याचे आणि घासण्याचे. घासण्याच्या आवाजात वस्तू क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते. मराठी बाईने हे वर्ग कधीच करून ठेवले होते : खडखड आपटण्याची, कुरकुर घासण्याची. आणि दोन्हींवरचा उपायही वेगळा. खडखडीला आवळावे लागते, कुरकुरीला तेल लागते. घरातल्या माणसांनाही हाच नियम लागू आहे, पण तो विषय पुढच्या दिवाळीला ठेवू.

या शब्दांतला एक मला त्या दिवसापासून फार मोठा वाटू लागला आहे. काहीतरी बिनसले आहे, पण नेमके बोट ठेवता येत नाही, तेव्हा आपण काय म्हणतो? 'खटकते.' एखाद्याचे बोलणे खटकते, हिशेबातला आकडा खटकतो. सैल सांध्याचा तो 'खट' आपल्या भाषेने उचलून थेट मनात नेऊन ठेवला. ज्याने कोणी हा शब्द प्रथम वापरला, त्याने सैल खुंटा नक्की ऐकलेला असणार.

आता जाती गेली. ती गेल्याचे दुःख करावे, असे मला वाटत नाही. पहाटे चारला उठून दळणाऱ्या बायकांना विचारा, त्या गिरणीला हात जोडतील. पण जात्याबरोबर ज्या कानाने ती ऐकली तो कान आणि ते शब्दही चालले आहेत. माझ्या वर्गात मी एकदा पेन्सिल टेबलावर, मग किल्ल्यांचा जुडगा, मग रिकामा डबा वाजवून दाखवला आणि आवाज कसा आला ते लिहायला सांगितले. निम्म्याहून अधिक वह्यांत तीनही ठिकाणी एकच उत्तर होते : 'आवाज आला.' मुले हुशार आहेत, त्यांचे कान तीक्ष्ण आहेत. त्यांच्या हाती नावांची पेटीच कोणी दिलेली नाही. सर्व्हिस सेंटरच्या त्या तरुणाच्या चौकोनात 'नॉईज' एवढाच शब्द मावत होता, याचे कारण मला इथे सापडले. त्याच्यावर माझा राग नाही. ज्याला नाव नाही ते शोधायचे कसे, हा प्रश्न त्याच्यापुढेही होताच.

म्हणून दिवाळीच्या प्रवासाला निघणाऱ्या वाचकांसाठी थोडे उपयोगाचे. उभ्या गाडीत एंजिनाबरोबर पत्र्यासारखी झरझर येत असेल, तर सायलेन्सरवरचा पत्रा पाहावा. आवाज कर्कश, पण बहुधा निरुपद्रवी. वेगाबरोबर टिकटिक वाढत असेल, तर आधी टायरच्या खाचेत अडकलेला खडा पाहावा. स्टीअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना टकटकटक आली, तर चाकापर्यंत शक्ती नेणाऱ्या दांड्याचा सांधा झिजला असण्याचा संभव आहे. फार दिवस लावू नयेत. चाक नुकतेच बदलले असेल आणि मागून सैल ठोके येऊ लागले, तर तिथल्या तिथे गाडी थांबवून चाकाचे नट पाहावेत. घरी गेल्यावर नव्हे. आणि खड्ड्यात व वळणावर एकदाच 'खट' येत असेल, तर घाट चढण्यापूर्वी मिस्त्री गाठावा. रेडिओचा आवाज वाढवून यातले काहीही बरे होत नाही.

मिस्त्रीकडे गेल्यावर 'आवाज येतो' एवढ्यावर थांबू नका. शब्द आठवला तर शब्द सांगा. नाही आठवला, तर तोंडाने तसा आवाज काढून दाखवा. दुकानात चार माणसे हसतील, पण मिस्त्री हसणार नाही. आणि घरात कोणी आजी असतील, तर त्यांना मागच्या आसनावर जरूर बसवा, आणि मधून मधून विचारा, 'काही खटकते का?'